एकतीस मार्चचा पाडवा

वाळूजच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं पगार विभागात काढली. या तेहतीस वर्षांत कुणाचा पगार एक दिवसही उशिरा होऊ दिला नाही. सात तारीख म्हणजे सात तारीख. संगणक नव्हता तेव्हा आठशे माणसांची हजेरी हातानं उतरवून, बेरीज दोनदा ताडून पाकिटं भरली आहेत. एका वेल्डरला ओव्हरटाइम नसलेली दुसरी पगारचिठ्ठी हवी असायची, बायकोला दाखवायला. दर महिन्याला तो चहा पाजायचा आणि दर महिन्याला मी नाही म्हणायचो. माझ्या टेबलावरून खोटा कागद जात नाही असा माझा लौकिक होता, आणि तो मला आवडायचा हेही कबूल करतो.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. शाल, नारळ, घड्याळ. 'कामगारांचा आपला माणूस' असं तीन जणांनी म्हटलं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. घरी येईपर्यंत बायकोशी एक शब्द बोललो नाही. तिला वाटलं, नोकरी संपल्याचं वाईट वाटतंय. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीदार किस्से मागितलेत, ते दुसऱ्या कुणी लिहावेत. मी रागाचाच एक लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण त्याशिवाय हा राग कळायचा नाही.

आमच्या कंपनीचे शेअर बाजारात विकले जायचे. शेअर म्हणजे कंपनीतला बारीकसा हिस्सा, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. एका वर्षी वरून योजना आली, की कायम कामगारांना कंपनीचे शेअर बाजारभावाच्या निम्म्या किमतीत द्यायचे. पैसे एकदम भरायचे नाहीत. एप्रिलपासून दर महिन्याच्या पगारातून ठरावीक रक्कम कापायची आणि वर्ष भरलं की जमलेल्या पैशाचे शेअर द्यायचे. मिळाल्यावर मात्र एक वर्ष विकायचे नाहीत.

आता पाचशेची वस्तू अडीचशेत मिळाली, तर वाचले किती? अडीचशे. आयकराचा कायदा म्हणतो, हे वाचलेले अडीचशे म्हणजे तुमचा पगार. मालकानं तुम्हाला स्वस्तात दिलं ते तुम्ही त्याच्याकडं काम करता म्हणून दिलं, रस्त्यावरच्या माणसाला दिलं नाही. म्हणून ती सूट पगारात मिळवायची, तिच्यावर कर लावायचा, आणि तो कर मालकानं पगारातूनच कापून सरकारला भरायचा. शेअर ज्या दिवशी नावावर होतात तो दिवस ज्या आर्थिक वर्षात पडतो, त्या वर्षाचं ते उत्पन्न. तुम्ही शेअर विकले की नाही, हातात दमडी आली की नाही, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

हे तत्त्व मुळात चूक आहे असं मी म्हणणार नाही. तसं नसतं तर मोठ्या साहेबांनी पगार एक रुपया घेतला असता आणि बाकी सगळं शेअरमध्ये उचललं असतं. पण कायदा मोठ्या साहेबांकडं बघून लिहिलेला असतो आणि लागू प्रेस शॉपमध्ये यंत्रावर पत्रे दाबणाऱ्या माणसाला होतो. या योजनेची माहिती इंग्रजी पत्रकात होती, नऊ पानं, बारीक टाइप. ती वाचून कामगारांना सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी सगळ्यांचा अण्णा. लासूर स्टेशनच्या शेतकरी घरातला, त्यांच्यासारखंच बोलणारा.

मी सांगितलं. कँटीनमध्ये उभं राहून, खडूनं फळ्यावर आकडे लिहून. कराचंही सांगितलं. त्याबाबतीत मी कुणाला फसवलेलं नाही. लासूरला भावाकडून स्वस्तात जमीन घेतली तरी रजिस्ट्री ऑफिस आपल्याच सरकारी दरानं स्टॅम्प लावतं, तसंच हे, असं म्हटल्यावर शेतकऱ्यांच्या पोरांनी माना डोलावल्या. फक्त स्टोअरमधले ख्वाजाभाई उठून उभे राहिले. शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात जन्म गेलेला माणूस, बोलायला कुणाच्या बापाला भ्यायचा नाही.

"साब, मेरेकू एक बात बताव. ईद के टैम पे दुकानवाला हजार का जोडा पाँचसौ में दिया, तो मैं सरकारकू जाके बोलूँ क्या, के मेरी कमाई पाँचसौ से बढ गई? टैक्स काट लेव?"

सगळं कँटीन हसलं. मीही हसलो. दुकानदार तुमचा मालक नाही ख्वाजाभाई, असं म्हणालो. ते बसले पण त्यांना पटलं नव्हतं, आणि आज मला वाटतं त्यांचं न पटणं माझ्या समजावण्यापेक्षा जास्त शहाणपणाचं होतं.

पहिल्या बाकावर कडुबा बसला होता. प्रेस ऑपरेटर, वीस वर्षं जुना. फर्दापूरच्या पलीकडच्या एका वाडीतला. बाप अजून मेंढरं राखायचा. कडुबा रांजणगावात दोन खोल्या करून राहत होता. त्याची एकच मुलगी शीतल, बारावीला होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. हे मला माहीत होतं, कारण कडुबा येताजाता सांगायचा. शहरातलं एक खासगी कॉलेज त्यानं हेरून ठेवलं होतं. तिथं बाहेरगावच्या मुलींना निम्मी फी माफ आणि वसतिगृह फुकट. गुण तिला पडणारच होते. दुसरी अट होती वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाची, ते तीन लाखांच्या आत पाहिजे. नोकरदारानं त्यासाठी फॉर्म सोळा जोडायचा. हा फॉर्म म्हणजे मालकानं वर्षभरात किती दिलं आणि त्यातून कर किती कापला याचा दाखला. तो आमच्याकडं मी तयार करायचो आणि सहीही माझी असायची.

कडुबाचा वर्षाचा पगार दोन लाख सत्तर हजार होता. म्हणजे तीस हजारांनी तो आत होता.

आता मुख्य गोष्टीवर येतो. शेअर कधी द्यायचे ते वरच्यांनी ठरवलेलं नव्हतं. वर्ष संपलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी, असं पत्रकात लिहिलं होतं. मार्चच्या सुरुवातीला कँटीनमध्ये पुन्हा सभा झाली. फायनान्सचे मोठे साहेब पुण्याहून आले होते. त्यांनी विचारलं, वाटपाचा छोटासा कार्यक्रम करू, तारीख कुठली ठेवायची?

मी उठलो. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, या वर्षी पाडवा एकतीस मार्चला आलाय. साडेतीन मुहूर्तांतला एक. आमच्याकडं माणूस नवं काही घेतो ते पाडव्याला. पहिला शेअर हातात पडायचा तर त्याच दिवशी पडावा."

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला तेहतीस वर्षांत दुसऱ्यांदा मिळाल्या नाहीत. पगार कापणाऱ्या माणसाला टाळ्या कोण देतो? कडुबा बाकावरून म्हणाला, "अण्णा बोलले ते लई बराबर हाय. पाडव्याला घेतलेलं वाढतंच." साहेबांनाही आवडलं. गेटवर गुढी, कामगारांच्या हातात शेअरची पत्रं, असा फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार. त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला.

एकतीस मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस असतो हे लहान पोरगंही सांगेल. मी तर त्याच दिवसावर पोट भरत होतो. मला ते माहीत नव्हतं असं नाही. डोक्यात आलंही होतं, की एक तारखेला दिले तर हे उत्पन्न पुढच्या वर्षात जाईल. पण मी कराच्या माणसासारखाच विचार केला. कर या वर्षी भरा नाहीतर पुढच्या वर्षी भरा, रक्कम तीच. मग मुहूर्त कशाला घालवा? वर्षाच्या उत्पन्नाचा आकडा कराखेरीज आणखी कुठं कुठं लागतो, कुणाच्या रेशनकार्डाला, कुणाच्या घरकुलाला, कुणाच्या पोरीच्या फीला, हे माझ्या मनालाही शिवलं नाही. आठशे माणसांची उत्पन्नं मी दरवर्षी छापत होतो आणि तो कागद घेऊन ती माणसं कुठं जातात हे मी कधी विचारलं नव्हतं.

पाडव्याला कार्यक्रम झाला. गुढी उभारली, पेढे वाटले. कडुबाला दोनशे शेअर मिळाले. बाजारभाव पाचशे, त्यानं वर्षभर कापून घेतलेले अडीचशे. सूट झाली पन्नास हजार. तो फेटा बांधून आला होता. त्याच्या फोटोची मोठी प्रत नंतर कितीतरी दिवस गेटवर लावलेली होती.

सात एप्रिलला मार्चचा पगार निघाला आणि माझ्या खिडकीशी रांग लागली. शेअरचा शेवटचा हप्ता, शिवाय मिळालेल्या सुटीवरचा कर, सगळं एकाच महिन्यात कापलं गेलं होतं. कडुबाच्या हातात निम्मा पगार आला. फळ्यावर खडूनं लिहिलेला कर आणि पगारचिठ्ठीतून गेलेला कर यांत फरक असतो, हे मला त्या दिवशी रांगेतल्या तोंडांवर दिसलं. ख्वाजाभाईंनी चिठ्ठी खिडकीतून आत टाकली.

"ये लेव. तुमारी कंपनी मेरेकू तोहफा दी, उसका पैसा मेरेइच जेब से ली. ऐसा तोहफा नक्को मेरेकू."

मी त्यांच्यावर खेकसलो. कायदा आहे, मी काय करू, असं म्हणालो. खरं तर मला त्यांच्यावर राग नव्हता. त्याच आठवड्यात मी साहेब लोकांचा तक्ता बनवला होता. त्यांनाही शेअर मिळाले होते, कामगारांच्या कितीतरी पट. पण त्यांच्या करारात एक कलम होतं, की या सुटीवरचा कर कंपनी भरेल. म्हणजे लाखोंची सूट घेणाऱ्याच्या पगारातून रुपया गेला नाही आणि पन्नास हजारांच्या सुटीवाल्याचा पगार निम्मा झाला. दोन्ही तक्ते मी एकाच संगणकावर, एकाच दिवशी केले. मोठ्या साहेबांना फोनवर विचारलं, कामगारांचा कर कंपनीनं भरला तर कितीसा फरक पडेल? ते म्हणाले, "अहो, त्यांना काही वाटत नाही हो, त्यांना निम्म्या किमतीत मिळालंय." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. हा 'बरं' आज आठवला तरी दात-ओठ खावेसे वाटतात.

जूनमध्ये बारावीचा निकाल लागला. शीतलला चांगले गुण पडले. कडुबा पेढे घेऊन आला आणि फॉर्म सोळा मागितला. मी छापला, सही केली, शिक्का मारला, दिला. तिसऱ्या दिवशी तो तोच कागद घेऊन परत आला. कॉलेजच्या बाईनं एका आकड्याभोवती पेन्सिलनं गोल काढला होता. तीन लाख वीस हजार.

"अण्णा, हितं कायतरी जास्तीचं पडलंय. माझा पगार दोन सत्तर हाय ना?"

मी त्याला बसवलं आणि सांगितलं, की वरचे पन्नास हजार शेअरच्या सुटीचे आहेत.

"पन ते मला मिळालेच नाय की."

"कायद्यानं मिळाले."

त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "तुमीच लिवलं ना अण्णा? मग तुमीच खोडा की."

एवढं सोपं होतं त्याच्यासाठी. लिहिणारा खोडूही शकतो. मी त्याला सांगितलं की सरकारच्या दप्तरात तोच आकडा गेलेला आहे. मग दोघं मिळून काय काय केलं ते ऐका. कंपनीच्या लेटरहेडवर मी दाखला लिहिला, की रोख पगार दोन लाख सत्तर हजारच आहे, बाकीची रक्कम कागदोपत्री आहे, हातात आलेली नाही. मोठ्या साहेबांना अर्ज केला, की या कामगाराचे शेअर रद्द करा किंवा एप्रिलची तारीख घाला. दोन ओळींचं उत्तर आलं, तसं करता येत नाही. कामगार शेअर विकून पूर्ण फी भरू इच्छितो, तर वर्षभराची बंदी त्याच्यापुरती उठवा, असा दुसरा अर्ज केला. त्यालाही नाही. म्हणजे बघा, या शेअरमुळं पोरीची फीमाफी गेली आणि हेच शेअर विकून तिची फी भरायची सोय नाही.

ख्वाजाभाईंच्या कानावर गेलं होतं. ते जेवणाच्या सुट्टीत येऊन हळूच म्हणाले, "साब, दूसरा कागज छाप देव. पुराना वाला. किसकू क्या मालूम पडता?" मी नाही म्हणालो. माझ्या टेबलावरून खोटा कागद जात नाही, हे वाक्य ओठांवर तयार होतं. खरं कारण सांगतो, मी भ्यालो. नोकरीची चार वर्षं राहिली होती. तेव्हा मला इमानदारी वाटली ती भीतीच होती, हे ओळखायला मला निवृत्त व्हावं लागलं.

प्रवेशाचा शेवटचा दिवस शनिवार होता. मी अर्धी रजा टाकली आणि कडुबा आणि शीतल यांच्याबरोबर कॉलेजात गेलो. फीमाफीचं काम बघणारे कारकून माझ्याच वयाचे होते, टेबल माझ्यासारखंच नीटनेटकं. त्यांनी दाखला शांतपणे वाचला, दोनदा वाचला. मला बसायला खुर्ची दिली.

"साहेब, तुमचं म्हणणं मला कळतंय. पण ऑडिटवाला आला तर मी त्याला काय दाखवू? एका कागदावर तीन वीस, एका कागदावर दोन सत्तर. आणि दोन्हींवर सही तुमचीच."

"पण ते पैसे या माणसाला मिळालेले नाहीत."

"मग फॉर्म सोळावर कशाला लिहिलेत?"

मी भांडलो. दुसऱ्याच्या कचेरीत जाऊन कधी आवाज चढवला नव्हता, तिथं चढवला. तुम्हाला माणूस दिसत नाही का, कागद दिसतो फक्त, असं म्हणालो. त्यांनी दोन्ही कागद मला परत दिले. मला माहीत होतं, त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, शब्दही हेच वापरले असते. पुढच्या वर्षी या म्हणावं तर ती सोय नव्हती, फीमाफी फक्त त्याच वर्षी बारावी झालेल्या मुलींना होती. चार वाजता त्यांनी यादी बंद केली.

पुढचं लवकर सांगून टाकतो. शीतल वाळूजलाच औषधांच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं लागली, पॅकिंगला. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, अजिंठ्याकडं दिली. शेअरवरची बंदी उठली तेव्हा भाव एकशे चाळीसवर आला होता. कडुबानं अडीचशेला घेतलेले एकशे चाळीसला विकले. मी त्याचं आयकराचं विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा त्यानं विचारलं, की आता हे नुकसान पगारातून वजा होऊन कापलेला कर परत मिळेल ना? मी म्हणालो, नाही. वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवर फायदा झाला असता तर त्याला तेव्हा कर नव्हता, म्हणून तोटाही कायदा धरत नाही.

कडुबानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजी अण्णा, फायदा झाला नव्हता तवा झाला म्हनून लिवलं. आन् आता नुकसान झालंय, तर झालंच नाय म्हनायचं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग ह्याच्यात खरं काय लिवलंय?"

"तुझं नाव आणि पत्ता."

त्याला हसू आलं. मला नाही आलं.

कॉलेजातली एक गोष्ट मी वर गाळली. किस्सा लिहायला बसलो तेव्हा ती सांगायचीच नाही असं ठरवलं होतं. पण एवढं लिहून झाल्यावर ती गाळणं म्हणजे पुन्हा एकदा खोटा फॉर्म भरण्यासारखं आहे.

यादी बंद झाल्यावर आम्ही तिघं आवारातल्या बाकावर बसलो. शीतल रडली नाही. तिनं बापाच्या हातातून तो फॉर्म घेतला आणि ओळ न् ओळ वाचली. मग मला म्हणाली, "काका, हे पन्नास हजार आमच्या घरी कधी आले?"

मी तिला सगळं समजावलं. सूट, बाजारभाव, आर्थिक वर्ष. पोरगी हुशार होती. नऊ पानी पत्रक वाचून साहेबांना जे कळलं नव्हतं, ते तिला दहा मिनिटांत कळलं. ती म्हणाली, "म्हणजे शेअर एक दिवस उशिरा दिले असते, तर हे पुढच्या वर्षात गेलं असतं?"

"गेलं असतं."

"मग माझं झालं असतं?"

"झालं असतं बाळा."

"मग एकतीस मार्च कुणी ठरवला?"

मी म्हणालो, "कंपनीनं."

एवढंच. एक शब्द. आवाजही कापला नाही. इतकी वर्षं कंपनीच्या वतीनं सह्या केल्या होत्या, त्या दिवशी पहिल्यांदा कंपनीच्या नावामागं लपलो. कडुबानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मार्चमधल्या सभेत तो पहिल्या बाकावर होता. मी उठलो ते त्यानं पाहिलं होतं, मी बोललो ते ऐकलं होतं, माझ्यासाठी पहिली टाळी त्याचीच होती. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलला असता तर बरं झालं असतं. तो उठला, पोरीच्या हातातून कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चल बाई, यस्टी चुकंल."

मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत मीही गेलो. शीतलला आजोबांकडं जायचं होतं. ती फलाट विचारायला पुढं गेली, तेव्हा मी कडुबाचा हात धरला. म्हणालो, "कडुबा, तू का बोलला नाहीस? शिव्या तरी घालायच्या होत्या मला."

त्यानं पोरगी ऐकत नाही ना ते आधी पाहिलं. मग इतक्या साधेपणानं बोलला, की त्यात राग शोधूनही सापडला नसता.

"शिव्या घालून काय करू अण्णा? उद्या कागुद वाचायला परत तुमच्याकडंच यायचंय."

सोमवारी सकाळी तो खरंच आला. पीएफचं एक पत्र घेऊन आला होता. मी वाचून दाखवलं.